तांदळाच्या डब्यातले मोबाईल

ते घर आजही आठवलं की अंगावर काटा येतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी कोलकात्यात सायबर गुन्ह्यांचं काम पाहत होतो. बदलीवर येऊन बालीगंजला स्थायिक झालेले एक मराठी बँक अधिकारी तक्रार घेऊन आले. तोंड उघडण्याआधी त्यांनी चिठ्ठी लिहून मला माझा फोन बंद करायला लावला.

त्यांची मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली होती. परत आली नाहीस तर जिवंत सोडणार नाही, अशी त्याची धमकी होती. आणि घरात जे ठरे ते त्याला कळे. बराकपूरच्या मैत्रिणीकडे लपायला ती निघाली, तर सियालदहच्या फलाटावर तो उभा! "चहा न घेताच निघालीस?" एवढंच म्हणाला. ती खरंच चहा न घेता निघाली होती. गर्दी होती म्हणून निभावलं.

मी त्यांच्या घरी गेलो. टीव्हीची वायर उपटलेली, मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरलेले, भरदुपारी पडदे ओढलेले. आमच्या तज्ज्ञाने एकेक वस्तू तपासली. काहीच सापडलं नाही. त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते जास्तच घाबरले.

मग सगळी उपकरणं जीपमध्ये ठेवून मी दिवाणखान्यात खोटाच बेत बोललो. मुलगी उद्या अकराला सियालदहहून गाडी धरणार. दुसऱ्या दिवशी जावई अकराच्या ठोक्याला हजर. साध्या वेशातल्या शिपायांनी त्याला धरला. बॅगेत सुरा निघाला. खरं सांगतो, मीही हादरलो. यंत्र नव्हतंच, तर ऐकलं कोणी?

तडक बालीगंज गाठलं आणि मुलीच्या आईला विचारलं, "काल खोलीत कोण कोण होतं, वहिनी?"

"आम्ही तिघं, तुम्ही आणि आजी. त्यांना तर ऐकूच येत नाही हो."

आजींना पेज भरवत एक बंगाली आया पाठमोरी बसली होती. कालही तिथेच होती. तिला कोणी मोजलंच नव्हतं, मीसुद्धा. परप्रांतात आपली ही खोडच आहे. इथे कोणाला कळतंय, म्हणत चारचौघांत मराठीत वाट्टेल ते बोलायचं!

मी आवाज न चढवता म्हणालो, "वहिनी, आजींच्या उशीवर पाल आहे."

आयाचा हात झटकन उशीकडे गेला. पाल नव्हतीच.

चौकशीत तासभर ती बंगालीत नाही नाही म्हणत राहिली. मग मी जावयाच्या बॅगेतला सुरा टेबलावर ठेवला. तो बघताच ती स्वच्छ मराठीत बोलू लागली. "बारा वर्षं नागपूरला कामाला होते, साहेब. यांनी कधी विचारलंच नाही. जावई रडत होते, माझा संसार वाचव म्हणाले."

मुलगी आज पुण्यात सुखरूप आहे. तंत्रज्ञानाची एवढी भीती बाळगणं खुळेपणा आहे का, असं लोक मला विचारतात. नाही, फोनवरून नागवलेली माणसं मी पाहिली आहेत. पण यंत्राला घाबरणं सोपं असतं, त्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि जे खरोखर मोठ्याने बोलायला हवं, तेच आपण घरात दडपतो. हे मला त्या आयानेच शिकवलं.

मी तिला विचारलं होतं, "तो तिला मारायचा, हे माहीत असून सांगत होतीस?"

ती रडत म्हणाली, "सगळं बोलायचे ते माझ्यासमोर. मी चोरटी दिसते, हेसुद्धा. तो मारतो, एवढं मात्र त्या घरात कोणी कधीच बोललं नाही."