हितंच हाय

“हे लिवनाऱ्याचं वय काय?”

सहलीचं माहितीपत्रक हातात दिलं की चाचांचा पहिला प्रश्न हा असायचा. कुठं उतरवणार, जेवायला काय देणार, हे सगळं नंतर. आधी ते पत्रकावर मधल्या बोटानं टकटक करायचे, कलिंगडावर करतात तशी. कान जरा तिरका करायचे, आणि आतून काही पोकळ आवाज आल्यासारखं तोंड करून हा प्रश्न विचारायचे.

माझं सहलींचं ऑफिस बीडच्या बसस्थानकामागे, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. चाचांचा फळांचा हातगाडा बरोबर खाली लागायचा. उन्हाळ्यात कलिंगडं, पुढे सीताफळं, मधल्या दिवसांत पपई आणि केळी. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दूध घेताना पातेलं तिरकं करून बघणारी. कंडक्टर “जागा हाय, चढा” म्हणाला तरी खिडकीतून आत डोकावल्याशिवाय पायरीवर पाय न ठेवणारी. चाचा या लोकांचे गुरू शोभले असते. पण त्यांचा एक गुण मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. ते स्वतःच्या मालावरही संशय घ्यायचे.

“चाचा, सीताफळ गोड हाय का?” गिऱ्हाईक विचारायचं.

“माज्या जिभंला लागलं गोड. तुमची जीभ तुमच्यापाशी.”

“पिकलंय ना पण?”

“डोळे उघडू द्या त्याचे, मग सांगतो. डोळा उघडल्याबिगर फळाला आन् मान्साला पिकलं म्हनू न्हाई.”

निम्मी गिऱ्हाइकं वैतागून पुढच्या गाड्यावर जायची. उरलेली निम्मी जन्मात दुसरीकडे गेली नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या एका शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. “हितंच हाय.” कुणालाही रस्ता विचारा, पाच मिनिटांचा असो की दोन डोंगरांपलीकडचा, उत्तर एकच. चाचा एकदा युसूफ वडगावला लग्नाला निघाले आणि भलत्याच फाट्यावर उतरले. तिथल्या माणसाला गाव कुठं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, “हे काय, हितंच हाय.” चाचा चालायला लागले. पुढे भेटलेला प्रत्येक जण तेच म्हणत होता.

“निकाह झाला, लोकं जेवून हात धुऊन घरला गेले,” चाचा सांगायचे, “आन् ह्यांचं हितंच काय आलं न्हाई. तवापासून मी ठरिवलं बेटा, ज्याच्या तोंडात हितंच, त्याच्या बापाला सुदिक इचारायचं न्हाई.”

तर अशा माणसाला समुद्रावर जायचं होतं. खरं म्हणजे त्यांच्या बायकोला जायचं होतं. चाची रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि चाचा जेवेपर्यंत गाडा सांभाळायच्या. आमच्या जिन्यावर लावलेल्या जाहिरातीतलं जहाज त्यांच्या मनात भरलं होतं. मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपच्या एका बेटापाशी थांबायचं, छोट्या होडीतून बेटावर उतरून फिरून यायचं.

“टँकरची वाट बघत उमर गेली बेटा,” चाची मला म्हणाल्या. “एकदा अशा जागी हुबं ऱ्हायचंय, जितं चारी बाजूला पानीच पानी. जहाजातून काचंमागून न्हाई बघायचं. पाय बुडवून.”

पत्रकात बेटाच्या सहलीपुढे चालणाऱ्या माणसाचं एक चित्र होतं. एक माणूस म्हणजे सोपं, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे अवघड. बेटापुढे एकच माणूस होता.

चाचांनी त्याच्यावर टकटक केली. “ह्या मान्साच्या हातात काठी न्हाई. पोट न्हाई. त्याला काय, सगळंच सोपं. लिवनाऱ्याचं वय काय?”

“चाचा, मी स्वतः जाऊन आले आहे. उलीसं, थोडंसंच चालावं लागतं.”

“तुमचं उलीसं का आमचं उलीसं?”

मग रोज एक प्रश्न. होडी हलती का? हात धरायला कोण असतं? वाळूत पाय किती रुततो? हिचे गुडघे धरलेले हायत, खाली बसली तर उठवायचं कुणी? ते रस्त्यातूनच हाक मारायचे, “म्याडम, जरा खाली या!” मी पत्रक घेऊन जिना उतरायचे. एकदा म्हटलं, “चाचा, तुम्हीच या की वर, चहा पाजते.” तर म्हणाले, “गाडा कुनाच्या भरोशावर सोडू?” शेजारीच त्यांचा दोस्त केळी विकत होता, चाची समोर उभ्या होत्या, तरी भरोसा नाही. मनातल्या मनात मी म्हटलं, काय हा तोरा!

संशय हा खरुजेसारखा असतो. चाचांपासून तो मला लागला. बाजूच्या गल्लीत दुसरं एक सहल ऑफिस आहे. हा माणूस त्यांच्या वतीनं माझ्याकडून माहिती काढतो आहे की काय, असं मला वाटू लागलं. ते खोटं निघालं, तेव्हा दुसरा संशय आला. चाचांना जायचंच नाही. बायकोला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून खोटी खोड काढून बेत मोडायचा आहे. या संशयाला तर पुढे पुरावाच मिळाला.

एका दुपारी खाली गलका झाला म्हणून मी खिडकीतून पाहिलं. चाचांनी गाडा रिकामा करून झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लावला होता. केळीवाला आणि चहावाला दोन्ही बाजूंनी तो गदागदा हलवत होते. पायरीवर चाची, बुरखा जरा वर खोचून, चपला हातात घेऊन उभ्या. पायरी म्हणजे जहाज, गाडा म्हणजे होडी.

“घाई न्हाई!” चाचा ओरडत होते. “गाडा वर येऊ दे. आला का? आता टाक पाय!”

चाचींनी पाय टाकला, डोललं सगळं, आणि त्या गाड्यावर फतकल मारून अशा हसायला लागल्या की चहावाल्याचा हात सुटला. अख्ख्या रस्त्यानं टाळ्या वाजवल्या. गुडघ्यांचं काहीही बिघडलं नव्हतं.

“आता तुमी,” चाची म्हणाल्या.

चाचा मागे सरले. “माजं काय बघायचंय त्यात? हटा, गिऱ्हाईक आलंय.”

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. मी वरून पाहत होते ना. तिथंच मी ठरवलं, हा माणूस आयत्या वेळी टांग देणार.

पण चाचा आले. सहलीसोबत मीही होतेच. बीडहून निघालेल्या आमच्या गाडीत चाचींच्या शेजारी बसून, ड्रायव्हर जांभई देतो आहे का यावर डोळा ठेवून ते मुंबईला आले. जहाजावर चढताना सामान वाहणाऱ्यावर, सूप वाढणाऱ्यावर, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला. लिफ्टवर मात्र नाही घेतला. एका मजल्यासाठीसुद्धा ते लिफ्टच्या दारात उभे राहायचे. मी म्हटलं, म्हाताऱ्याला नव्या खेळण्याचं कौतुक आहे.

बेटाची सकाळ उजाडली. पाण्याचा रंग असा की डोळ्यांना खरा वाटू नये. जहाजाच्या खालच्या अंगाला दार उघडलं होतं. बाहेर होडी खालीवर होत होती आणि दोन खलाशी एकेकाला दंडाला धरून आत घेत होते. चाचा रांगेच्या बाजूला उभे राहून बघत होते. कोण कसा उतरतो, कुणाचा पाय चुकतो, खलाशी खरंच धरतात की नुसता हात लावतात. असे बरेच जण त्यांनी डोळ्यांनीच होडीत पोचवले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, झालं, आता काढणार खोड.

चाचींची पाळी आली. त्यांनी मागे वळून पाहिलं. “चला की.”

“माज्या चपलेचा अंगठा गेलाय.”

“मग अनवानी या. मी बी अनवानीच हाय.”

“न्हाई, तू जा. मी हितूनच बघतो.”

“तुमी येत नसाल तर मी बी न्हाई जात.” चाची रांगेतून बाहेर पडायला लागल्या.

तेव्हा चाचांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना पुन्हा दाराकडे वळवलं. बेटाकडे बोट केलं. म्हणाले, “जा गं. सोपं हाय. हे काय, हितंच हाय.”

मी चाटच पडले. ज्या शब्दाला या माणसानं आयुष्यभर चौकात उभं करून जोडे मारले, तोच त्यांच्या तोंडून! चाची थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग वळल्या, होडी वर येण्याची वाट पाहिली आणि पाय टाकला. अगदी गाड्यावर टाकला होता तसा.

बेटावर त्या कुणाबरोबर फिरल्या नाहीत. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या, आधी एकीकडे तोंड करून, मग दुसरीकडे. मधूनच जहाजाच्या दिशेनं हात हलवायच्या. इतक्या लांबून माणूस दिसत नव्हता. तरी हलवायच्या. निघताना त्यांनी पाण्याची रिकामी बाटली समुद्रात बुडवून भरून घेतली.

परतलो तेव्हा चाचा तिथंच दाराजवळ एका खुर्चीवर बसले होते. चाचींनी बाटली पुढे केली. चाचांनी तिच्यावर आधी टकटक केली, मग बोट बुडवून जिभेला लावलं.

“खारट हाय,” ते म्हणाले. “लोकं म्हनत्यात ते खरं हाय म्हनायचं.” आणि लहान मुलासारखे हसले. त्या माणसानं कुठल्याही गोष्टीला खरं म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

त्या वर्षीच्या सीताफळांच्या दिवसांत चाचांचा गाडा लागला नाही. केळीवाल्यानं सांगितलं ते असं. चाचांचं हृदय कधीपासून कमजोर झालं होतं. डॉक्टरनं जिने चढायचे नाहीत, जोर लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. चाचांनी ते फक्त केळीवाल्याला सांगितलं होतं आणि बायकोला कळू देऊ नको म्हणून शपथ घातली होती. “तिला कळलं आसतं तर समुंदर ऱ्हायला आसता,” केळीवाला म्हणाला. चाचा पहाटे झोपेतच गेले. मला माझा जिना आठवला, ती लिफ्ट आठवली. हलणारा गाडा, आणि न आलेलं ते गिऱ्हाईक. चाचींच्या गुडघ्यांच्या नावाखाली ते कुणाची चौकशी करत होते, ते मला तेव्हा कळलं.

काही आठवड्यांनी गाडा पुन्हा लागला. आता चाची उभ्या राहतात. मी खाली गेले, सीताफळं मागितली. त्यांनी एकेक उचलून डोळे तपासले, दोन परत ठेवली. पिशवी पुढे करत मी म्हटलं, “चाची, त्यांच्या तब्येतीचं तुम्हाला जहाजावर काहीच माहीत नव्हतं ना?”

“माहीत न्हवतं. दारात कळलं.”

“दारात?”

“हितंच हाय म्हनले ना, तवा. उभ्या जन्मात त्या मान्सानं कशाला सोपं म्हनलं न्हाई, बेटा. मी वळखलं, ह्यांना कायतरी झालंय आन् माज्यापासून लपवायलेत.”

“मग तरी गेलात?”

चाचींनी सीताफळं पिशवीत भरली, वरून एक जास्तीचं टाकलं.

“माज्यासाठी पैल्यांदा खोटं बोलले ते,” त्या म्हणाल्या. “मी गेले नसते तर वाया गेलं नसतं का?”