चांदी गाय कशाने मेली

चांदी गाय मी मारली. नाव मात्र माझ्या सासऱ्यांचं लागलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सात वर्षं पोटात ठेवलेलं आज इथे लिहिते आहे. आष्टीकडच्या आमच्या गावातले बरेच जण माझ्या प्रोफाइलवर आहेत. त्यांनी तर जरूर वाचावं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखलेली. आमचा चार एकर माळ त्यांनी कधी नांगरू दिला नाही. दगडांच्या ओळी लावून त्याचे सहा तुकडे केले होते. एका तुकड्यात गाई चार दिवस चरायच्या, की लगेच पुढच्या तुकड्यात. चरून झालेलं गवत पुन्हा गुडघ्याला लागेपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही.

"चार बोटं गवत मागं ठिवायचं. मुळापस्तोर खाल्लं की ते रुसतंय. मंग कितीबी पाऊस पडू दे, उठत न्हाई."

गवतातलं मारवेल कोणतं, पवना कोणता, सगळं पाठ. कुसळी फुलायच्या आधीच चारायची, नाहीतर तिची कुसळं गाईच्या जिभेत रुततात, हेही त्यांनीच सांगितलेलं.

लोक मुठीत गवत घेऊन त्यांना विचारायला यायचे. मामा एक काडी चावायचे आणि बरोबर नाव सांगायचे.

मी बदनापूरची. बी.कॉम. लग्नाला दीड वर्ष झालेलं. माझ्या हट्टाने तीन संकरित गाई घेतलेल्या आणि डोक्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंचं ज्ञान. गवत असून गाईंना मोजून चारायचं, हा मला मामांचा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. माळ पिवळा पडला. दूध निम्म्यावर आलं.

आणि माळाला लागूनच कापलेल्या ज्वारीला पोंगे फुटलेले. वीतभर, कोवळे, हिरवेगार.

"तिकडं बिलकुल न्हाई," मामा रोज बजावायचे. "पान्यावाचून फुटलेल्या पोंग्यात इख आस्तंय. कमरंएवढं हू दे, मंग बघू."

शेजारच्यांची शेळी मात्र त्यातली चार-दोन पानं खुडून मजेत असायची. मला वाटलं, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरीच.

एका दुपारी मामा भाकर खायला घरी गेले. मी ज्वारीच्या वाटेवर लावलेली काट्याची झाप बाजूला ओढली आणि गाई पोंग्यात सोडल्या. माझ्या तिघी, आणि चांदी. चांदी मामांची. ती वासरू असतानाच तिची आई गेलेली, मामांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

पंधरा मिनिटं झाली असतील.

चांदी आधी अडखळली. मग कोसळली. पाय ताठ, तोंडाला फेस, आणि श्वासासाठी नुसती तडफड. माझ्या दोन गाईही झुलायला लागल्या.

मी एवढी ओरडले की मामा अर्ध्या घासावरून पळत आले. त्यांनी बाकीच्या गाई हाकलल्या, डॉक्टरला फोन लावायला सांगितलं. डॉक्टरांनी दोघींना सुया दिल्या, त्या वाचल्या. चांदी तोवर गेली होती.

गाव जमा झालं. माझा नवरा संतोषही आला. त्यानेच विचारलं,

"गाई कोनी सोडल्या इकडं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"म्याच," मामा म्हणाले. "मला वाटलं, तयार झालं आसंल."

संतोष त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलला. मामा चांदीच्या शिंगावरची माती पुसत बसले होते.

मी तोंडाला पदर लावून उभी.

आठ दिवसांनी हिंमत करून विचारलं, "मामा, का केलंत असं?"

"तू नवी हायस पोरी. दुसऱ्या गावातून आलेल्या सुनंला गाव जल्दी माफ करत न्हाई. माझं काय, म्हाताऱ्याचं लोक इसरून जात्यात."

लोक विसरले नाहीत. मुठीत गवत घेऊन येणारे बंद झाले. पारावर "आले बघा, गवताचे डॉक्टर" म्हणून हशा व्हायचा. मामांनी पारावर जाणंच सोडलं.

मला मात्र एकेक गवत शिकवलं. एका शब्दानेही टोचलं नाही.

आज माझा माळ बघायला लोक येतात. फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. "ताई, तुमच्यासारखी चराई कुणाची न्हाई." मी हसून आभार मानते. लाज कशी वाटली नाही मला इतकी वर्षं?

गेलं वर्षभर मी माळावर एकटी नसते.

दुपार कलली की मागून त्यांचा खोकला ऐकू येतो. वळून बघते, कोणी नसतं. मनाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण गाईही चरता चरता माना वर करतात आणि बांधाकडे बघत राहतात. सगळ्या एकदम.

एकदा तरी मामांनी रागावून बोलावं म्हणून मी थांबते. नुसता खोकला येतो.

आज सकाळी नैवेद्य दाखवायच्या आधी संतोषला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल, हात उगारेल. तो ओट्यावर बसला.

"सहा वर्षं म्या बापाशी धड बोललो न्हाई गं," एवढंच म्हणाला. "ते ताट घिऊन शेजारी बसायचे अन् म्या उठून जायचो."



पारावर हसणाऱ्यांनी आता मला हसावं. माझी ना नाही.

मामा, तुमची सून तुमच्यापुढे मान खाली घालून उभी आहे. भरल्या डोळ्यांनी श्रद्धांजली.