रोवणीच्या गाण्यातला तिचा आवाज

बायको गेल्यावर तिचं धानाच्या रोवणीतलं गाणं शेजारणीच्या मोबाईलात सापडलं. तिच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाले ते वाजवाचं म्हणून मी राजुऱ्याच्या डीजेवाल्याकडे गेलो. त्यानं गाण्याखाली ढोल आन् बेस भरला, तर माझी बायको गायबच झाली. मग तिचा आवाज वाढवला, तर ते नुसतं किंचाळणं वाटाले लागलं.

“कायले वाढवून राह्यला?” मी म्हणलो. “धानाच्या बांधीत ती ओळ सांगे, तवा बाकीच्या बाया चूप राहात. तुझ्या ढोलाले चूप कर.”

“भाऊ, तुम्हीच बसा मशीनवर,” तो हसला. पण ती गाते तेवढा वेळ त्यानं ढोल काढला. आवाज साफ आला. प्रत्येक ओळीआधी तिनं घेतलेला श्वासही आयकू आला.

“हा श्वास कापू का?”

“नको. शेवटी तिले तोच पुरला नाई.”