चढावरचा वायपर

मालवण–सावंतवाडी गाडीच्या त्या चालकाविरुद्ध मी तीन अर्ज धाडले. भर पावसात तो प्रत्येक चढावर हेतुपुरस्सर वेग सोडतो, हा मुख्य आरोप. गाडी निघण्यापूर्वी समोरच्या काचेवर तंबाखू चोळणे, हा दुसरा.

तिसऱ्या अर्जावर त्याला मेमो मिळाला. पुढच्या फेरीला त्याने मला मुद्दाम आपल्यामागच्या बाकावर बसवले. चढ लागताच वायपर थबकला आणि रस्ता नाहीसा झाला.

"तात्यानू, गाडी जुनी. इंजिन हवा ओढता, त्या ओढीर वायपर चलता. चढार पाय दाबून धरलो की ती ओढ उरणा नाय."

त्याने क्षणभर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. वायपर दोनदा फिरला. पुढे वळण होते.

"आणि तंबाखू?"

"तेना काचेर थेंब धरणत नाय."

सावंतवाडीला उतरताच मी माघारीचा अर्ज लिहून त्याच्या हाती दिला. त्याने तो सावकाश वाचला आणि परत केला.

"मागे घेव नकात. मेमोक जबाब लिवचो लागतलो, थंयच वायपराचा लिवतंय. एरवी माझा कागद कोण वाचता?"

"पण शिक्षा झाली तर?"

"होवंदे. वायपर तरी नवो मेळात."

आरोपीच फिर्याद कायम ठेवा म्हणून विनवतो, याला कायद्यात कलम नाही. चौथ्या अर्जात आरोपी कोणाला करावे, हे मला अद्याप उमगलेले नाही.