मॅडमकडचं जेवण

मुरबाडच्या कारखान्यात मी ऑफिसच्या कामाला लागले तेव्हा पहिले सहा महिने नोकरी कच्ची होती. पक्की करायची की नाही, हे एकट्या मॅडमच्या सहीवर होतं. मॅडम दुसऱ्या राज्यातल्या. शहापुरात भाड्याच्या घरात एकट्या राहायच्या, मराठी त्यांना येत नसे. त्यामुळे आमचं सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी वाचता येतं, पण बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत.

सहावा महिना सरत आला आणि एका बुधवारी मोबाइलवर त्यांचा मेसेज आला, रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या, येणार असाल तर कळवा. जेवायला बोलावून इंग्रजी तपासणार, याबद्दल मला शंका नव्हती. दोन दिवस मी उत्तर लिहीत आणि खोडत होते. फार आनंद दाखवला तर हावरट दिसेन, कमी दाखवला तर माजोरडी. शेवटी शुक्रवारी आभार मानले, आनंदाने येईन असं लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. उत्तरात नुसता हसरा चेहरा आला.

रविवारी अकरा वाजताच साडी नेसून मी ओट्यावर येऊन बसले. आमच्या गावात, शेणव्यात, जेवायला दोनदा बोलावतात. आधी सांगून जातात, मग त्या दिवशी जेवण तयार झालं की घरातलं कुणीतरी पुन्हा बोलवायला येतं. त्याच्याआधीच उठून जाणाऱ्याला लोक हसतात. मॅडम शेणव्याला येणार नाहीत, इतकी अक्कल मलाही होती. पण फोन करतील, मग रिक्षा धरू, असा माझा हिशेब.

बारा वाजले, एक वाजला. आपणच फोन करावा असं मनात आलं, पण फोनवर इंग्रजी बोलायचं म्हटल्यावर मोबाइल परत खाली ठेवला. त्यात आई बजावत होती.

"बोलावनं आल्याबिगर जायाचं नाय गो. लोकांनी आपल्याला लय वर्षं लांब बसवलं. आता बिनबोलावता कुनाच्या दारात उभं राहायचं नाय."

तीन वाजता साडी सोडली आणि सुकट-भात खाल्ला. आधी राग आला. मोठ्या माणसांची आमंत्रणं तोंडदेखलीच, असं आईला चार वेळा ऐकवलं. मग भीतीने धरलं. माझ्या उत्तरातच काही वेडंवाकडं गेलं असणार, म्हणून त्यांनी बेत मोडला असणार. तो मेसेज मी इतक्यांदा वाचला की त्यातला प्रत्येक शब्द मला चुकीचा वाटायला लागला. नोकरी गेली, असं मनाशी धरूनच मी सोमवारी कामावर गेले.

मॅडमनी सोमवारी माझ्याकडे बघितलंच नाही. मंगळवारीही नाही. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. गुरुवारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं. त्यांनी माझ्यासमोरच सही केली आणि ते माझ्याकडे सरकवलं. नोकरी पक्की झाली होती. मी कसंबसं थँक्यू म्हटलं आणि दाराकडे वळले.

तेव्हा त्या सावकाश, मला कळेल अशा सोप्या इंग्रजीत बोलल्या.

"येते असं सांगून माझ्या घरी न जेवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पण तुमच्याकडून मला असं वाटलं नव्हतं."

मॅडमची जात मी कधी विचारली नव्हती. ती मला तेव्हा कळली. आमच्या घरच्या कार्याला 'येऊ, येऊ' म्हणून गावातले जे आले नाहीत, त्यांच्यासाठी मांडलेली पानं आई मुकाट्याने उचलायची. मी ते लहानपणापासून बघत आले होते. रविवारी शहापुरात मॅडमनी माझं पान तसंच उचललं होतं.