हँडलवरची टोपी

साप डूख धरतो म्हणतात. खरं-खोटं सापाला ठाऊक. मी मात्र धरला होता, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मोबाइल अजून श्रीमंतांच्याच खिशात होते, तेव्हाची गोष्ट. शिक्रापूरच्या चौकाजवळ आमचा एसटीडी बूथ होता. तो मी चालवायची. माझा नवरा दौंड रस्त्यावरच्या एका सबस्टेशनात लाइनमन होता. पाच वेळचा नमाजी माणूस, आणि कामात त्याहून काटेकोर.

लाइनमन लोकांची एक रीत होती. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनात जायचं, आपल्या डोळ्यांदेखत लाइन बंद करून घ्यायची आणि तिच्या स्विचच्या हँडलला आपली टोपी अडकवायची. टोपी नसली तर उपरणं. परमिटचा, म्हणजे कामाच्या परवानगीचा, कागदही असायचा, पण तो संध्याकाळी सवडीनं भरायचा. खरं परमिट म्हणजे टोपी. तिला मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही. तो खाली उतरून परत येणार, स्वतः टोपी काढणार, मगच लाइन चालू. माझ्या नवऱ्याची पांढरी टोपी मी स्वतः विणलेली होती.

मग ती पेटी आली. फोनच्या तारेला जोडलेली. कुठूनही फोन लावायचा, पीप वाजलं की चार आकडे दाबायचे, आणि लाइन बंद नाहीतर चालू. हँडलपाशी जायची गरजच नाही. ती बसवणारा साहेब एका खासगी कंपनीचा होता. त्याच्या लॉजवर फोन नव्हता, म्हणून तो माझ्या बूथमधून पेटीला फोन लावायचा. आकडे कारखान्यातून आले तेच, सगळ्या पेट्यांना सारखे. बदलायचा त्याला कंटाळा. काचेपलीकडून त्याची बोटं बघून बघून ते मला पाठ झाले होते.

"भाभी, इथं बसून मी अख्खं दौंड अंधारात टाकू शकतो," तो म्हणायचा. मी हसायची. काय मेलं हसण्यासारखं होतं त्यात!

एके दुपारी तो घाईघाईनं आला. कुठल्याशा कारखान्याची लाइट गेली होती आणि मॅनेजर त्याच्या मागं लागला होता. सबस्टेशनात कुणाला विचारणं नाही, काही नाही. त्यानं फोन लावला, आकडे दाबले, बाहेर आला. "झालं चालू. हे लाइनमन लोक नुसते झोपा काढतात," म्हणाला आणि रुमालानं मान पुसत निघून गेला.

माझा नवरा तेव्हा खांबावर होता. टोपी हँडलला होती, ऑपरेटर त्या टोपीसमोर बसला होता, आणि तरी तारेत वीज आली. अचानक वीज आलीच तर ती जमिनीत उतरवायला लाइनला जोडायची साखळी स्टेशनात एकच, ती दुसऱ्या गँगनं नेलेली. तो वाचला. उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

चौकशी झाली. साहेब म्हणाला, "पेटी बाहेरून दुसऱ्या कुणाला चालवताच येत नाही, आणि मी त्या दिवशी चालवलेली नाही. लाइन बंद न करताच हा चढला असणार." ऑपरेटरनं शपथेवर टोपीचं सांगितलं, तर म्हणे दोस्ताला सांभाळून घेतोय. मी बूथवरच्या फोनचं सांगितलं, तर साहेब हळुवार आवाजात म्हणाला, "भाभी दुःखात आहेत." त्या हळुवारपणानं माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की आजही ते तीन शब्द कुणी उच्चारले तर मी उठून जाते. परमिटचा कागद तर भरलेलाच नव्हता. चूक लाइनमनची, असा निकाल लागला.

नवऱ्याला त्याच सबस्टेशनात चहापाण्याच्या कामाला ठेवलं. त्या साहेबाला तो डाव्या हातानं चहा द्यायचा. तेही मी गिळलं असतं. पण एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "मीच इसरलो आसंन का गं, लाइन बंद करायचं?" त्या माणसानं हात तर नेलाच होता, आता नवऱ्याचा स्वतःवरचा भरवसाही नेला होता. तो मला परत हवा होता, आणि साहेबाच्याच तोंडून हवा होता.

साहेब बूथवर येत राहिला. मी गोड बोलत राहिले. दुव्यात त्याच्यासाठी काय मागायची ते लिहिण्यासारखं नाही. ते आकडे आपणच दाबावेत असंही कितीदा मनात आलं. पण खांबावर कुणाचा तरी नवरा असेल, म्हणून हात आवरला.

मग दौंडपर्यंतच्या सगळ्या सबस्टेशनांत तसल्याच पेट्या बसवायचं ठरू लागलं. बघायला वरचे मोठे साहेब आले. मी नवऱ्याचा डबा घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले. साहेबानं एक लाइन बंद करून दाखवली. "आता ही माझ्याशिवाय बाहेरून कुणालाही चालू करता येणार नाही," तो म्हणाला.

"कुणालाच न्हाई?" मी विचारलं.

"गप बस गं," नवरा चहाचा ट्रे धरून पुटपुटला.

"कुणालाच नाही, भाभी."

"मग तुमची टोपी हँडलला अडकवा, आन् भायेर जाऊन तारंला हात लावा. आमच्यात तशीच रीत हाय."

सगळे हसले. मोठे साहेबही हसले. "लावा की. बंदच आहे ना?" म्हणाले. साहेबानं हसत हसत आपलं पिवळं हेल्मेट हँडलला अडकवलं आणि बाहेर आला. खांबाला लावलेल्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय पडला, तशी मी म्हणाले, "बूथवर माझी जाऊ बसलीया, साहेब. तुमचे चार आकडे तिला पाठ हायेत. आत्ता फोन लावीतच आसंल."

त्यानं शिडीवरून उडीच मारली. "फोनची वायर काढा! आधी ती वायर काढा!" तो ओरडत आत पळाला.

चोराच्या मनात चांदणं. मोठे साहेब त्याच्या मागोमाग आत गेले. "बाहेरून दुसऱ्या कुणाला चालू करता येत नाही ना? मग वायर कशाला काढायची?" त्यांनी विचारलं. तोवर त्यानं स्वतःच ती उपसून काढली होती. मी त्याच्याकडं पोटभर बघून घेतलं.

थोड्या वेळानं त्यानं माझ्या नवऱ्याला खुणावलं, ते हेल्मेट दे म्हणून. नवऱ्यानं ट्रे खाली ठेवला.

"ज्याची टोपी त्यानंच काढायची, साहेब," तो म्हणाला. "मीबी अडकवली हुती. लाइन बंद करूनच अडकवली हुती."

संध्याकाळी एसटीत त्यानं मला विचारलं, "तुझ्या जाऊला आकडे कवा शिकवलंस?"

जाऊ सकाळीच दौंडला माहेरी गेली होती. बूथला कुलूप होतं. मी कमरेची किल्ली काढून त्याच्या डाव्या हातात ठेवली.