लग्नाचा दाखला

इंग्लंडातल्या प्रेस्टन गावात लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी केझाया थॉर्प जिभेची तिखट, पण मनाची मऊ. तिची शेजारीण एलन तापाने गेली. एलनचा नवरा आधीच वारला होता. मागे उरल्या दोन मुली, नऊ वर्षांची मार्था आणि पाच वर्षांची डॉर्कस. निराधारांच्या सरकारी गरीबखान्यात दोघींची ताटातूट होणार, हे ठाऊक असल्याने केझायाने अनाथाश्रमाचं दार ठोठावलं. तिथे फक्त रीतसर लग्न झालेल्यांचीच मुलं घेत, म्हणून तिथल्या बाईंनी आईबापांच्या लग्नाचा दाखला मागितला.

दुसऱ्या दिवशी केझाया अकरा मैल चालत एलनचं लग्न लागलं होतं त्या तिच्या माहेरच्या गावी गेली, तिथल्या पाद्रीबुवांच्या मागे लागून तिने दाखला लिहून घेतला आणि तशीच चिखल तुडवत परत आली.

बाईंनी दाखला वाचला, मग दोघी मुलींना चालून दाखवायला सांगितलं. डॉर्कस लंगडत होती.

“मोठीला घेऊ,” बाई म्हणाल्या. “लंगड्या मुलीला पुढे कोण घरकामाला ठेवणार?”

मार्थाने धाकटीचा हात घट्ट धरला.

“मग मोठीही नाही मिळायची,” केझाया म्हणाली. “चला गं पोरींनो, घरी!”

घरी तिच्या नवऱ्याने, ॲम्ब्रोजने, कपाळाला हात लावला. “अगं, इथे आपल्यालाच पाय पसरायला जागा नाही!”

“मग आखडून घ्या की!”

तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मग उठून त्याने कपाटाची दारं काढली आणि त्यांची खाट ठोकायला बसला. डॉर्कस त्याला एकेक खिळा देत होती. आपापल्या संसाराला लागेपर्यंत दोघी त्याच घरात राहिल्या.